कपाटातलं वाण

५ जानेवारी, सोमवार

कोर्सला आज एक महिना झाला आणि मी नक्की काय होणार आहे ते मला अजून कळलेलं नाही. प्रमाणपत्रावर ‘मानसिक आरोग्य सहाय्यक’ असं छापून येईल म्हणे. म्हणजे डॉक्टर नाही, नर्स नाही आणि समुपदेशक तर नाहीच नाही. दादाला विचारलं तर तो म्हणतो, वेड्यांची मॉनिटर. असं तो बोलला की वहिनी त्याच्यावर डोळे वटारते. आज तिनं तेही केलं नाही, पोळ्या लाटत राहिली.

मोबाईलच्या दुकानात मी दिवसभर लोकांची रडगाणी ऐकायचे. वाटलं, तेच करायचं तर जरा मानानं करू. म्हणून या फंदात पडले. गोत्रीतलं आमचं केंद्र म्हणजे एका बंगल्याचा तळमजला. ज्यांचे दवाखान्यात उपचार चालू आहेत अशी वीस-पंचवीस माणसं सकाळी येतात, कागदाच्या पिशव्या करतात, कॅरम खेळतात, गप्प बसतात आणि चार वाजता घरी जातात. आम्ही सहा शिकाऊ त्यांच्यात असतो. आम्ही काय करायचं, असं मी शिकवणाऱ्या समरजित सरांना विचारलं. ते म्हणाले, ‘असायचं.’ असायला शिकायला सहा महिने लागतात का, हे विचारायचं मी गिळलं.

८ जानेवारी, गुरुवार

आज माझी चांगलीच बिनपाण्यानं झाली. केंद्रात प्रत्येकाला एक निरीक्षण वही दिलेली आहे. तिच्यात फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहायचं, वाटलेलं लिहायचं नाही. मी लिहिलं होतं, ‘सुभानराव आज खुशीत होते.’ सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, “अस्मिताबेन, खुशी कुठं दिसली तुम्हाला? मला दाखवा.” सर आपल्यातलेच, मराठी, पण वर्गात आम्हा सगळ्या मुलींना बेन करून टाकतात.

मी म्हटलं, हसत होते. सर म्हणाले, मग ‘हसले’ असं लिहा. किती वेळा हसले, कोणाशी बोलताना, ते लिहा. वाटतं ते घरी दुसऱ्या वहीत लिहा, नाहीतर पोटात साठतं. म्हणजे ही वही. आता माझ्याकडे एक दिसण्याची वही आहे आणि एक वाटण्याची. दोन्ही वाचल्या तरी मला काही उलगडत नाही.

सुभानराव रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, बायको गेल्यापासून केंद्रात येतात. मी आज त्यांना म्हटलं, काका, सगळं ठीक होईल. ते उठले, खुर्ची उचलली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. माझं काय चुकलं? एवढं गोड बोलले होते.

१२ जानेवारी, सोमवार

घरचा अभ्यास मिळाला. घरातल्या एका माणसाचं दहा दिवस निरीक्षण करायचं, त्याला न सांगता. ‘वाटलं’ हा शब्द एकदाही आला तर वही परत. दादा मकरपुऱ्याच्या कारखान्यात पाळीला जातो आणि उरलेला वेळ झोपतो, त्याचं काय बघणार? म्हणून वहिनी.

सोपं जाईल. ती सध्या छान आहे. तिची मराठी शाळा जूनमध्ये बंद पडली, मुलंच उरली नव्हती, शेवटच्या वर्षी चौथीत तिघं होती. बारा वर्षं शिकवत होती बिचारी. दिवाळीपर्यंत नुसती बसून असायची, भाजी चिरता चिरता डोळे भरायचे. दादा तिला रोज समजावायचा, शिकवण्या घे, मोबाईलवर व्हिडिओ कर. आता रडणं पार बंद आहे. डिसेंबरच्या मध्यापासून घरात एकदम शांत झालंय. दादा म्हणतो, सुटलो बाबा.

१४ जानेवारी, बुधवार

उत्तरायण. सकाळपासून गच्चीवर नुसता कल्ला. समोरच्या सोसायटीतून पतंग कापल्याचं ‘काप्यो छे’ ऐकून ऐकून कान किटले. दादानं सुट्टीत एकसष्ट पतंग गमावले आणि दोन कापले, हिशेब त्यालाच मान्य नाही. खालच्या मजल्यावरच्या हंसाबेननी उंधियू आणून दिलं, आम्ही तिळगूळ दिला.

वहीत लिहिलेलं: वहिनी पहाटे चारला उठली (रोजचंच). तिळाच्या वड्या केल्या, स्वतः एकही खाल्ली नाही. गच्चीवर अकरा मिनिटं आली. दादाच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, पतंगाकडे पाहिलं नाही. हंसाबेन म्हणाल्या, रविवारी हळदीकुंकू आहे ना? वहिनी म्हणाली, यंदा एका दिवसात नाही, रथसप्तमीपर्यंत रोज थोड्या थोड्या जणींना बोलावणार आहे. तेवढ्यात सगळं आटपेल.

मला किती बरं वाटलं (इथं लिहायला हरकत नाही). गेल्या वर्षी तिला एक दिवसाचं हळदीकुंकूसुद्धा जड झालं होतं.

१६ जानेवारी, शुक्रवार

वाण आणायला मंगळबाजारात जाऊ या म्हटलं तर वहिनी नको म्हणाली. यंदा बाजारातलं प्लास्टिक द्यायचं नाही, वापरात येईल असं द्यायचं. तिनं कपाट उघडलं. शाळेत जाताना नेसायच्या सुती साड्या धुऊन, इस्त्री करून ठेवल्या होत्या. चार जणी आल्या. हळदीकुंकू, तिळगूळ, अत्तर, आणि प्रत्येकीच्या हातात एक साडी. हंसाबेन तर म्हणाल्या, “केटलुं सरस, वसुबेन. आवुं तो कोई नथी करतुं.” खरंच, असं कोणीच करत नाही. मला वहिनीचा अभिमान वाटला.

दादाही खूश आहे, कपाटात त्याच्या शर्टांना जागा झाली.

१९ जानेवारी, सोमवार

सुभानराव शुक्रवारपासून आलेले नाहीत. मला वाटत राहिलं की माझ्यामुळेच. सरांना विचारलं तर ते म्हणाले, तुमची एवढी ताकद नाही. त्यांना सर्दी झालीय. हे ऐकून सुटका वाटली आणि अपमानही वाटला.

पण ते खुर्ची घेऊन का गेले ते सरांनी समजावलं. आपण ‘सगळं ठीक होईल’ म्हणतो तेव्हा समोरच्याचं बोलणं तिथंच मिटवून टाकतो. मग काय म्हणायचं? काही म्हणू नका, विचारा. आणि विचारल्यावर थांबा. आमच्या घराण्यात विचारून थांबल्याचं मला तरी आठवत नाही. आम्ही विचारतो आणि उत्तरही आपणच देतो.

वहीत: वहिनीनं आज तीन जणींना वाण दिलं. तिच्या गोष्टींच्या पुस्तकांचा गठ्ठा, पितळी समई, भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ माहेरचं. समई उचलून देताना मी मदत केली. दुपारी जेवली असं म्हणाली, ताट मला दिसलं नाही. दोनदा हसली, दोन्ही वेळा पाहुण्या असताना.

२१ जानेवारी, बुधवार

काल वर्गात जीव द्यायच्या विचारात असलेल्या माणसाच्या खुणा शिकवल्या. मंगळवारी त्यावर तोंडी परीक्षा आहे. पाठांतर आणि माझं लहानपणापासून वाकडं. वहिनीला म्हटलं, तू घे ना पाठ करून, तू बाई आहेस शाळेतली. ती हात पुसून बसली, सरांनी वाटलेला कागद समोर धरला आणि चष्मा चढवला. किती दिवसांनी तिला तशी बघितली.

मी घडाघडा म्हटलं. एक, झोप आणि जेवण बदलणं. दोन, आपण ओझं झालो असं बोलणं. तीन, खूप दिवसांच्या दुःखानंतर अचानक शांत होणं. पाच, मागची निरवानिरव करणं.

“चौथी विसरलीस,” वहिनी म्हणाली.

मी डोकं खाजवलं, आठवेना. सांग ना म्हटलं, तर तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, स्वतः शोधलं की लक्षात राहतं. मग विचारलं, “आणि खुणा दिसल्यावर काय करायचं म्हणे?”

“सरळ विचारायचं. आडवळणानं नाही. विचारल्यानं कोणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट मोकळं होतं.”

“विचारतं का कोणी?”

“परीक्षेत येतं ते,” मी म्हटलं.

तिनं चष्मा उतरवला. मग उठून मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दादाच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या डब्यात, गॅसचं पुस्तक कुठं, कुठल्या वासाचा हिंग चांगला, असं सगळं दाखवत बसली. मला भूक लागली होती. म्हटलं, वहिनी, हे सगळं मला कशाला, तू आहेस की. ती म्हणाली, तुझं लग्न झाल्यावर उपयोगी पडेल. झालं, गाडी शेवटी तिथंच येते. मी तिथून सटकले.

(चौथी: आवडत्या, जपलेल्या वस्तू वाटून टाकणं. परीक्षेसाठी इथं दोनदा लिहिते. आवडत्या, जपलेल्या वस्तू वाटून टाकणं.)

२३ जानेवारी, शुक्रवार

वही दिली. अठ्ठावीस पानं भरली, ‘वाटलं’ एकदाही नाही. सुभानराव परत आले. मी शेजारी बसले आणि काही बोलले नाही. वीस मिनिटांनी त्यांनी स्वतःहून विचारलं, तमे मराठी? मी हो म्हटलं. पुढे काही झालं नाही, पण खुर्ची हलवली नाही.

२४ जानेवारी, शनिवार

आता संध्याकाळचे सात वाजलेत. दादा बाहेरच्या खोलीत आहे, वहिनी आत पडली आहे, दार उघडं. 

दुपारी दोन वाजता सरांनी मला ऑफिसात बोलावलं. माझी वही उघडी होती. मला वाटलं कुठंतरी ‘वाटलं’ निसटलं. त्यांनी विचारलं, “ह्या कोण?”

मी म्हटलं, माझी वहिनी.

“आत्ता घरी त्यांच्याबरोबर कोण आहे?”

कोणी नाही, दादा पाळीला गेलाय. पण ती छान आहे सर, हळदीकुंकू चालू आहे तिचं. सरांनी पानं उलटली. पहाटे चार. ताट दिसलं नाही. साड्या, पुस्तकं, समई, घड्याळ. परवा हंसाबेनच्या मुलीला दिलेलं तिचं शाळेतलं पेन. मी म्हटलं, सर, ते वाण आहे, संक्रांतीचं. तुमच्याकडे पण देत असतील.

सर हळू आवाजात बोलले. “वाण बाजारातून आणतात, अस्मिता. आपलं कपाट कोणी रिकामं करत नाही.”

पहिल्यांदा त्यांनी बेन म्हटलं नाही. आणि मला एकदम सगळं दिसलं असं मी लिहायला हवं, पण तसं झालं नाही. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, ती रडत नाही, ती माझं पाठांतर घेते, ती समजूतदार आहे. बोलता बोलता मलाच माझं ऐकू यायला लागलं. सहा शिकाऊंमध्ये मीच एकटी असेन जिनं अठ्ठावीस पानं लिहिली आणि एक ओळ वाचली नाही.

सरांनी मला दादाला फोन करायला लावलं, स्कूटरवर बसवलं आणि गोत्रीहून तरसालीला घरी आणलं. वाटेत एवढंच सांगितलं की काय विचारायचं ते तुला माहीत आहे. मी खाली थांबतो, हाक मार.

वहिनी दादाच्या शर्टांना इस्त्री करत होती. सगळ्याच शर्टांना. मी चप्पल न काढता आत गेले. म्हटलं, वहिनी, तुला बरं वाटतंय ना? ती म्हणाली, हो गं, तू लवकर कशी? आणि मी आजारी आहे का म्हणून माझ्याच कपाळाला हात लावला. मी तशीच उभी. किती सोपं होतं तिथं थांबणं.

मग विचारलं. “वहिनी, तू जीव द्यायचा विचार करतेयस का?”

तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं. शर्टाची बाही सरळ केली. मी मनात आकडे मोजले, सरांनी शिकवलं तसं, मध्ये बोलायचं नाही म्हणून. तेहतीसपर्यंत गेले.

“हो,” ती म्हणाली.

कधीपासून, असं विचारलं. दिवाळीपासून. रथसप्तमीपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. रथसप्तमी उद्या आहे. मग ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “बावीस जणींना दिलं मी. सगळ्या म्हणाल्या, किती छान. एकीनंही विचारलं नाही, का देतेस. तूही नाही. तू तर रोज लिहून घेत होतीस.”

तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी रडले. वर्गात सांगितलंय की रडू आलं तर येऊ द्या, फक्त समोरच्याला आपल्याला सांभाळायला लागेल इतकं नको. मी बहुधा त्याहून जास्त रडले, कारण पाणी तिनंच आणून दिलं. मग खिडकीतून सरांना हाक मारली.

२५ जानेवारी, रविवार

सरांच्या ओळखीच्या मनोविकारांच्या डॉक्टरांनी रविवार असून दवाखाना उघडला. दादा, मी, वहिनी. तासभर आत होती. औषधं सुरू झालीत, ती मी द्यायची आणि घरातल्या बाकी सगळ्या गोळ्या कुलपात. पुढचे दिवस एकटं ठेवायचं नाही. रोज सकाळी तोच प्रश्न विचारायचा. काल विचारला म्हणून आज सुटका नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मला वाटलं होतं, ती मला मिठी बिठी मारेल. रिक्षात ती म्हणाली, “नणंद आहेस की पोलीस?” घरी आल्यावर माझ्याशी बोलली नाही. मला तिचा राग आला आणि राग आल्याची लाज वाटली. मी तिची कोण आहे आता, तेच कळत नाही. नणंद म्हणून गळ्यात पडावंसं वाटतं, आणि सहाय्यक म्हणून शेजारी गप्प बसायचं असतं.

२७ जानेवारी, मंगळवार

तोंडी परीक्षा आज होती, गेले नाही. सर म्हणाले, नंतर घेऊ.

दादानं सुट्टी काढलीय. सकाळपासून वहिनीला सांगतोय, अगं, काय कमी आहे आपल्याला, बघ, सगळं ठीक होईल. ती उठून गॅलरीत गेली. मी दादाला आत नेलं आणि म्हटलं, असं नको बोलूस. तो माझ्यावर ओरडला. मग काय बोलू, तूच सांग, शिकतेस ना? मी म्हटलं, मलाही फारसं माहीत नाही. मग तो पलंगावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. एका घरात राहून मला कसं दिसलं नाही, असं म्हणत होता. मी तर लिहूनही ठेवलं होतं, हे त्याला सांगितलं नाही.

नंतर तो गॅलरीत जाऊन तिच्याशेजारी उभा राहिला. बोलला नाही. दहा मिनिटं.

सकाळी विचारलं होतं. ती म्हणाली, हो, आहे. तेवढंच.

२८ जानेवारी, बुधवार

विचारलं. हो. अर्धी पोळी खाल्ली, मी समोर बसून पाहिलं.

३० जानेवारी, शुक्रवार

आजपासून दिवसा दादा घरी आणि मी केंद्रात, असं काल ठरलं होतं. सकाळी उठले तर वहिनीनं चहा टाकलेला. केस विंचरलेले. सहा वाजेपर्यंत झोपली होती, दादानं सांगितलं. तिनं मला कप दिला, वर म्हणाली, तुझी ओढणी इस्त्री करून घे, चुरगळलीय. इतकं नेहमीसारखं की माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आज नको विचारायला. एवढी छान सकाळ, कशाला तोंडाला कडू आणायचं. चप्पल घातली, पर्स घेतली, दार उघडलं.

“अस्मी,” ती मागून म्हणाली. “आज विचारलं नाहीस.”

मी वळले. ती ओट्याला टेकून उभी होती, दोन्ही हातांत कप धरून. चिडलेली नव्हती. वाट बघत होती.

मी दार लावलं, पर्स खाली ठेवली आणि विचारलं. तेच शब्द, सरळ. या खेपेला आकडे मोजले नाहीत.

“आज सांगता येत नाही,” ती म्हणाली. “उद्या परत विचार.”